पाचवा स्क्रू

रेडिओताईच्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी बोलणी खावी लागतात, मग दुरुस्ती मिळते. "प्लग नीट बसवला होता? फ्यूज बघितला? नाही ना? मग यंत्र बिघडलंय हे कुणी सांगितलं तुम्हाला?" हे तीन प्रश्न अंगावर घेतल्याशिवाय टेबलावर वस्तू ठेवायची सोय नाही. आधी प्लग, मग फ्यूज, मग यंत्र. निम्मे लोक तर पहिल्या दोन पायऱ्यांवरच ओशाळून परत जातात. शेजारचा शिंपी म्हणतो, ही बाई डॉक्टर झाली असती तर पेशंट दारातूनच बरे होऊन पळाले असते.

बाई अठ्ठेचाळीस वर्षांची. चष्मा दोरीने गळ्यात, बोटांची टोकं कायम काळपट, आणि तोंड असं की फुकट सल्ला मागणाऱ्याने दुसऱ्यांदा येऊ नये. रेडिओ, टेप, टीव्ही, मिक्सर, पंखे, काय म्हणाल ते तिने उघडलंय. तीस वर्षांत तिच्या हातून एक स्क्रू हरवलेला नाही. कुठलंही यंत्र उघडायच्या आधी ती पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढते, आणि जिथला स्क्रू तिथेच पुठ्ठ्यात खोचते. अगदी दोनच स्क्रूंचा टॉर्च असला तरी पुठ्ठा हवाच. लोकांना ही तिची लहर वाटते. लहर कसली, दुधाने पोळलेलं पोर आहे ते, ताकही फुंकून पितंय.

कारण घरात तिला रेडिओताई कोणी म्हणत नाही. घरात तिचं नाव 'स्क्रू'. भावाची मुलं तिला 'स्क्रूआत्या' म्हणत मोठी झाली. बिचाऱ्यांना ते लाडाचं नाव वाटतं.

त्या नावामागची हकिगत चौतीस वर्षांपूर्वीची. तेव्हा त्यांच्या घरी कॉम्प्युटर आला, गल्लीतला पहिला. हल्लीसारखा नव्हे. एक जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं यंत्र, मागून एक वायर टीव्हीला, एक टेपरेकॉर्डरला, आणि जमिनीवर विटेएवढा जड अडॅप्टर. दादा सतरा वर्षांचा होता, ही चौदाची. शहरातल्या शाळांची प्रोग्राम लिहायची स्पर्धा होती आणि दादा दार लावून त्या यंत्रापुढे बसलेला असायचा. बाबा येईल त्याला सांगायचे, "आमचा मुलगा स्पर्धेसाठी प्रोग्राम लिहितोय." दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं होतं. हिला मात्र ताकीद होती, लांबून बघायचं.

लांबून बघून हिचं भागेना. यंत्राच्या आत काय आहे या विचाराने तिला झोप येत नसे. स्पर्धेच्या आदल्या दुपारी दादा क्लासला गेला, आई शेजारी गेली, आणि हिने कॉम्प्युटर पलंगावर पालथा घातला. खाली पाच स्क्रू. चार नीट निघाले. पाचवा बोटांतून निसटला आणि हवेसाठी ठेवलेल्या फटीतून आत गेला. आतून 'टिण्' असा बारीक आवाज आला.  हलवून पाहिला, उलटा धरून पाहिला, पण स्क्रू बाहेर येईना. झाकण उघडायचं धाडस तर तिथेच संपलं. चार स्क्रू परत पिळून तिने यंत्र जागच्या जागी ठेवलं आणि अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली.

संध्याकाळी दादाने बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. बाबांनी यंत्र उलटं केलं, त्यांना रिकामं भोक दिसलं.

"कोणी उघडला होता?"

"मी."

"स्क्रू कुठे आहे?"

"हरवला," ती म्हणाली. तेवढंच ती खोटं बोलली. स्क्रू आत पडलाय हे तिने तेव्हा सांगितलं नाही, पुढेही कधी सांगितलं नाही. बाबांनी आयुष्यात एकदाच मुलीवर हात उचलला, तो त्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्या वेळेला दादा यंत्र बगलेत मारून मेकॅनिककडे गेला आणि तासाभराने परत आला. "आतून सगळा जळलाय म्हणे. आता काही होणार नाही." यंत्र खोक्यात गेलं, खोकं माळ्यावर गेलं.

दादा पुढे टपाल खात्यात लागला. पोटापाण्याला काही कमी पडलं नाही. पण कोणी सहज म्हणालं, "तुम्ही कॉम्प्युटरमध्ये जायला हवं होतं हो," की दादा मान खाली घालायचा, आई सुस्कारा सोडायची आणि सगळ्यांच्या नजरा हिच्याकडे वळायच्या. शाळा संपल्यावर ही एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याकडे शिकायला गेली. पहिल्याच दिवशी तिने त्याला विचारलं होतं, "स्क्रू आत पडला तर काय होतं?" म्हातारा म्हणाला, "दोन रस्ते जुळले की जाळ होतो, पोरी." एवढं तिला पुरलं. सगळ्या गावाची यंत्रं तिने उघडली, ते एक सोडून. उघडलं असतं तर खरं काय ते कळलं असतं, आणि नेमकं तेच तिला नको होतं.

आणि आई? पोटच्या पोरीचं दुरुस्तीचं दुकान असताना आईने तिच्याकडे साधी इस्त्री दिली नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते असं. गेले दोन महिने आईचं कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं. त्यासाठी आई दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणा तज्ज्ञाकडे जायची आणि शिट्टीसकट परत यायची. मुलीने एकदा हात पुढे केला होता. आईने यंत्र कानात आणखी घट्ट दाबलं. "नको गं बाई, बारीक स्क्रू असतात त्यात."

तर त्या रविवारी सकाळी दहा वाजता वहिनी रिक्षातून उतरली ती ते खोकं घेऊनच.

"माळा आवरत होतो. हे खोकं तुझे दादा भंगारात द्यायला निघाले होते," वहिनीने धापा टाकत सांगितलं. "म्हटलं थांबा, नेऊन टाकते मीच. त्यांना वाटतंय भंगारवाल्याकडे गेलं. आज वाढदिवस ना त्यांचा! तू एवढं चालू करून दे, बस. संध्याकाळी पाच वाजता मी त्यांना आणि आईंना घेऊन येते. बघच त्यांचा चेहरा कसा होतो!"

"वहिनी, ते जळलेलं आहे."

"अगं तू जळलेले पंखे चालू करतेस, त्यात काय!" म्हणत ती त्याच रिक्षात बसून गेलीसुद्धा. भोळ्या माणसांना काय सांगायचं? ती जाळ लावून जातात आणि जाताना हसतात.

रेडिओताईने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. खोकं उघडलं. पिवळट पडलेला कीबोर्ड तिने दोन्ही हातांनी उचलला आणि हळूच एका बाजूला कलवला.

खुळ्ळ.

ती स्टुलावर बसली. म्हणजे तो आतच होता. चौतीस वर्षं होता. तिने यंत्र खाली ठेवलं आणि हात फडक्याला पुसले. मग पुन्हा पुसले. पाच वाजता आई इथे उभी राहणार, दादा उभा राहणार, आणि ही त्यांना काय दाखवणार? काळा पडलेला बोर्ड आणि त्यावर चिकटलेला आपला स्क्रू? वहिनीला फोन करून जमत नाही म्हणून सांगावं, असं मनात आलं. फोन उचललाही. पण मग यंत्र भंगारात जाणार आणि हा आवाज कायमचा तिच्या कानात राहणार. फोन ठेवला.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जगाला प्लग-फ्यूज-यंत्र शिकवणारी ही बाई. अडॅप्टर खोक्यात तळाशी पडला होता. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान. सरळ यंत्र पालथं घातलं, पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढला आणि पाच खुणा केल्या. चार स्क्रू खोचले. पाचव्या खुणेपाशी पुठ्ठा कोरा राहिला.

झाकण पटकन उघडण्यासारखं नव्हतं. वरच्या कीबोर्डातून दोन पातळ पट्ट्या खालच्या बोर्डात जातात. इतक्या वर्षांनी त्या वाळून कडकडीत झालेल्या असतात, हिसका बसला की तुकडा. तिने झाकण बोटभर वर केलं, टॉर्च दातात धरला, आणि चिमट्याने एकेक पट्टी मुळाशी धरून सरळ वर ओढली. पहिली आली. दुसरी हटून बसली. "ये गं बाई, ये," ती पट्टीशी बोलायला लागली. कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरला. शिंप्याने बाहेरून हाक मारली, "ताई, आज रविवारी काय?" तर ती दातांतला टॉर्च न काढता अशी काही गुरगुरली की तो निमूट आपल्या मशीनवर जाऊन बसला. दुसरी पट्टीही सुटली. झाकण बाजूला झालं.

स्क्रू बोर्डावर नव्हताच. बोर्ड आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक खळगा होता. त्या खळग्यात तो निवांत पडला होता, साधा गंजही चढला नव्हता. तिने चिमट्याने उचलून पुठ्ठ्यावर पाचव्या खुणेत खोचला आणि मग भिंग घेऊन बोर्डावर वाकली. कुठेतरी काळा डाग असणारच होता. स्क्रू तिथे नाचून मग इथे येऊन पडला असणार. तिने बोर्डाची इंच न् इंच जागा तपासली, उलटा करून तपासला, नाक लावून वास घेतला. धूळ होती. एक कपॅसिटर फुगला होता, तो म्हातारपणाने, तो तिने बदलला. जळण्याची खूण कुठे नव्हती. मीटर लावला, कुठेही रस्ते जुळलेले नव्हते.

तरी तिचा विश्वास बसेना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! टेबलावर तिची स्वतःची पॉवर सप्लाय होती, हवे तेवढे व्होल्ट देणारी. अडॅप्टर बाजूला ठेवून तिने तिच्याच वायरी बोर्डाला जोडल्या, कोपऱ्यातला जुना टीव्ही लावला आणि बटणावर बोट ठेवून डोळे मिटले. एकदा म्हणाली, "जळलाच तर जळू दे, पण आज कळू दे." आणि दाबलं.

टीव्ही खरखरला. मग पडदा निळा झाला, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात पांढरा चौकोन लुकलुकायला लागला. दिसतोय, नाही, दिसतोय, नाही.

ती रडली. तोंडावर फडकं धरून रडली. जळलंच नव्हतं. स्क्रूने काही केलं नव्हतं. तिने काही केलं नव्हतं.

रडून झाल्यावर तिच्यातला मेकॅनिक जागा झाला. यंत्र चांगलं आहे, मग त्या संध्याकाळी दिवा का लागला नाही? आत्ता कुठे तिचं लक्ष अडॅप्टरकडे गेलं. त्याचा प्लग भिंतीत खोचला, मीटर लावला. शून्य. मागच्या बाजूला फ्यूजची काळी टोपी होती, नाणं घालून फिरवायची. तिने फिरवली, टोपी बाहेर ओढली.

टोपी रिकामी होती.

ती त्या टोपीकडे बघत राहिली. फ्यूज जळला तर काचेची नळी काळी पडते, आतली तार तुटते, पण नळी असते. जळलेला फ्यूज उठून चालत जात नाही. कोणीतरी टोपी उघडून फ्यूज काढला होता आणि टोपी पुन्हा घट्ट बसवली होती. तो अडॅप्टर कसा उघडायचा ते घरात एकाच माणसाला माहीत होतं. आणि 'आतून सगळा जळलाय' हा निरोपही त्याच माणसाने आणला होता.

घड्याळात दोन वाजले होते. पुढचे तीन तास सकाळपेक्षा वाईट गेले. सकाळी निदान भीती कसली ते कळत होतं. आता दादाला विचारायचं की नाही? आज, त्याच्या वाढदिवशी, वहिनीसमोर, आईसमोर? नवा फ्यूज घालून गप्प बसावं, आनंद करावा, मोकळं व्हावं. नाहीतरी चौतीस वर्षं गेलीच. तिने यंत्र बंद केलं, पाचही स्क्रू लावले. मग फ्यूजच्या डबीतून एक काचेची नळी काढली, टोपीत घातली, परत काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. शेवटी टोपी रिकामीच लावून टाकली आणि फ्यूज मुठीत धरून बसली.

पाचला पाच मिनिटं कमी असताना तिघं आली. आईच्या कानात शिट्टी वाजत होती. वहिनीने टाळ्या वाजवत टेबलावरचं फडकं ओढलं. "बघा, काय आहे!"

दादाचा चेहरा खरंच बघण्यासारखा झाला, पण वहिनीला हवा होता तसा नव्हे. "हे इथे कसं?" तो म्हणाला. मग घाईघाईने, "अगं पण हे जळलंय. चालणार नाही. कशाला उगाच..."

"लावून तर बघा!" वहिनी म्हणाली, आणि तिनेच प्लग खोचून बटण दाबलं. दिवा लागला नाही.

"मी म्हटलं नव्हतं?" आईने मोठ्याने सांगितलं. ऐकू कमी येणारी माणसं जरा जोरातच बोलतात. "त्या दिवशी हिने उघडलं नसतं तर..."

 रेडिओताई उठली आणि तिने दादाचा हात धरून मुठीतला फ्यूज त्याच्या तळव्यावर ठेवला.

"हा बसव," ती म्हणाली. कुठे, ते सांगितलं नाही.

दादाचा हात सवयीने गेला. अडॅप्टर उचलला, उलटा फिरवला, खिशातून नाणं काढलं, टोपी डावीकडे अर्धा फेरा फिरवली. टोपी बाहेर आली आणि तो थिजला. रिकाम्या टोपीकडे त्याने पाहिलं, मग बहिणीकडे. ती नजर हटवत नव्हती. त्याने फ्यूज टोपीत घातला, टोपी बसवली. बटण वहिनीने दाबलं. पडदा निळा झाला, चौकोन लुकलुकायला लागला.

"चाललं! चाललं!" वहिनी नाचायची तेवढी राहिली. मग तिच्याही लक्षात आलं की आपण एकटेच हसतोय.

"प्रोग्राम झालाच नव्हता," दादा हळू आवाजात म्हणाला. "चार ओळींपुढे मला काही येत नव्हतं. बाबांनी सगळीकडे सांगून ठेवलेलं. क्लासला जाताना फ्यूज काढून घेतला आणि वाटेत गटारात टाकला. तू उघडलंयस हे मला ठाऊकही नव्हतं गं. बाबांना ते भोक दिसलं आणि..."

"आणि मेकॅनिक?"

"कुठला मेकॅनिक? बागेत तासभर बसून आलो. वाटलं, दोन दिवसांनी सांगू. पण तुला मार बसला होता. मग सांगायचं म्हणजे... मग बाबाच गेले."

"काय म्हणतोय हा?" आईने विचारलं. शिट्टी वाजत होती.

"सांग आईला," बहीण म्हणाली.

"आई, फ्यूज मी काढला होता."

"काय काढलंस?"

"फ्यूज! मी काढला होता!"

"मोठ्याने बोल रे!"

एक्कावन्न वर्षांचा माणूस, तो अडॅप्टर छातीशी धरून ओरडला, "मी खोटं बोललो, आई! तिने काही बिघडवलं नव्हतं! मीच बंद पाडलं होतं!" शेजारी शिंप्याचं मशीन थांबलं.

 आईने मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे. वहिनीने खुर्ची पुढे केली, पण आई तिच्यावर बसली नाही.

"चौतीस वर्षं, दादा," रेडिओताई म्हणाली. "मी रोज स्क्रू मोजतेय. मला तुझा फार राग आलाय. आज जायचा नाही तो."

"नको जाऊ दे," दादा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातात अडॅप्टर असल्याने पुसता येत नव्हतं.

"आणि स्क्रू?" आईने विचारलं. "तो कुठे गेला होता?"

रेडिओताईने यंत्र पालथं करून पाचवा स्क्रू दाखवला. "आत पडला होता, आई. मी हरवला म्हटलं, ते खोटं होतं. पण त्याने काही झालं नव्हतं."

आईने वाकून बोटाने पाचही स्क्रू चाचपले. एक, दोन, तीन, चार, पाच. मग सरळ झाली, कानातलं यंत्र काढलं आणि मुलीच्या तळव्यावर ठेवलं. बाहेर येताच ते आणखी जोरात शिट्टी मारायला लागलं.

"दोन महिने वाजतंय," आई म्हणाली. "तू बघ."

आता आईने खुर्ची ओढली आणि टेबलाला खेटून बसली, दुसऱ्याच्या हातात दिलेली वस्तू डोळ्यांआड होऊ द्यायची नाही, तशी. रेडिओताईने पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, त्यावर शेंगदाण्याएवढा आकार काढला. 

"एकही हरवणार नाही, आई," ती म्हणाली.

आईला काही ऐकू आलं नाही. तिने फक्त टेबलावरचा दिवा मुलीच्या बाजूला सरकवला.